शेवटच्या टाकीतले मासे

१

त्या सकाळी टाकीतले सगळे मासे जिवंत होते आणि केमिस्ट मेला होता. आमच्या कार्यालयाच्या नियमांप्रमाणे कारखाना तपासणीत पास झाला होता.

मी परवाना कार्यालयातला सर्वांत नवा तपासनीस. आमच्याकडे नव्या माणसाला घातक कचरा देतात, मुरला की कागद देतात आणि अगदी वर पोचला की नुसती खुर्ची देतात. मी अजून कचऱ्यावरच होतो.

हा कारखाना नळ, दारांच्या मुठी, गाड्यांचे बंपर असल्या वस्तूंना चकचकीत मुलामा देई. मुलामा देऊन जे उरतं ते पिवळंजर्द, जहरी पाणी. आजवर ते टँकरनं लांबच्या केंद्रात पाठवायचे. आता मालकांना ते आपल्याच आवारात, आपल्याच टाक्यांत शुद्ध करायचा परवाना हवा होता. चाचणीचे महिने संपले होते आणि आज शेवटची तपासणी होती. संध्याकाळी कार्यालय बंद होईपर्यंत मी कारणासह हरकत नोंदवली नाही, तर परवाना दिला असंच समजायचं, असा नियम होता.

टाक्या तीन. पहिलीत पिवळ्या पाण्याचं हिरवं होतं. दुसरीत चुना घातला की हिरवा गाळ तळाला बसतो. तिसरीत येतं ते नितळ पाणी, आणि त्यात लाल मासे सोडून ठेवायची सगळीकडे पद्धत आहे. पाणी शुद्ध असल्याचं माणसांनी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून ते काम माशांना दिलंय.

केमिस्टला याच तिसऱ्या टाकीतून बाहेर काढून चादरीखाली ठेवलं होतं.

"माशांना खाऊ घालायला आला, पाय घसरला, डोकं कठड्यावर आपटलं, बुडाला," फौजदार म्हणाले. ते आधीच हात पुसत होते.

"पाणी कमरेइतकंच आहे, साहेब."

"पालथ्या माणसाला तेवढं पुष्कळ होतं."

कारखान्याची मागची भिंत एका वस्तीला लागून आहे. त्या भिंतीपलीकडे माझी ताई राहते, आणि तिचं नुकतंच चालायला लागलेलं लेकरू, पिल्लू. सगळी वस्ती बोअरचं पाणी पिते. हे मी कार्यालयाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर हे काम दुसऱ्या कोणाला गेलं असतं, आणि त्या दुसऱ्याची ताई तिथे राहत नव्हती.

मी कार्यालयातल्या माझ्या साहेबांना फोन लावला. "सर, इथे माणूस मेलाय. हरकत नोंदवू का?"

"मासे कसे आहेत?"

"छान आहेत."

"मग कसली हरकत? फॉर्ममध्ये माशांसाठी रकाना आहे. माणसांसाठी आहे का?"

मी फॉर्म उलटापालटा करून पाहिला. नव्हता.

तेवढ्यात वाऱ्यानं चादर सरकली आणि केमिस्टचा हात उघडा पडला. त्याचे कपडे स्वच्छ होते, नुकतेच धुतल्यासारखे. पण नखांच्या आत गर्द पिवळं काहीतरी भरलेलं होतं.

२

मालकांच्या बायकोचा भाऊ कारखाना सांभाळायचा. मालक त्याला 'मेहुणे' म्हणत, म्हणून सगळेच म्हणत, अगदी वॉचमनसुद्धा. पोलीसही आल्यापासून मेहुणेच म्हणायला लागले होते.

"मेहुणे, केमिस्टच्या नखांत मुलाम्याचं पाणी कुठून आलं?"

"इथून नाही," मेहुणे लगेच म्हणाले. "तपासणी आहे म्हणून कारखाना बंद ठेवून कोपरान् कोपरा धुतलाय. केमिस्ट स्वतः उभा होता. हात स्वच्छ धुऊन माझ्याबरोबर चहा प्याला काल संध्याकाळी. त्यानंतर पिवळा थेंब कुठे दिसला तर माझं नाव बदला."

त्यांचं खरं नाव मला माहीत नव्हतं, त्यामुळे ही अट मला जड नव्हती.

मी शेडमध्ये फिरलो. पहिली टाकी स्वच्छ, दुसरी टाकी स्वच्छ. चुन्याची पोती थप्पी लावून ठेवलेली, एकही फोडलेलं नाही. गाळ उपसायच्या फावड्यांवर दुकानाचं प्लॅस्टिक तसंच होतं. इतकी स्वच्छ कचरा शेड मी कधी पाहिली नव्हती.

टाक्या ढवळायला एक माणूस होता. त्याला सगळे ढवळ्या म्हणत. तो तिसऱ्या टाकीच्या कठड्यावर डबा आपटत बसला होता. ठक, ठक, ठक.

"काय चाललंय?"

"जेवायला बोलावतोय. एरवी डबा वाजवला की एकावर एक उड्या मारत येतात. आज एक ढुंकून बघत नाही." त्यानं नाक ओढलं. "केमिस्टसाहेबांचं दुःख झालंय त्यांना."

मासे टाकीच्या पार लांबच्या कोपऱ्यात अंग चोरून उभे होते.

"किती काळ आहेत हे मासे इथे?"

"मागच्या तपासणीपासून. बरेच महिने झाले. मला ओळखतात ते, साहेब. बायको ओळखत नाही इतकं ओळखतात." त्यानं आवाज खाली आणला. "पण त्याआधीचे वेगळे होते हां. मालकांना सांगू नका. त्यांना वाटतं पहिल्या दिवसापासून तेच आहेत. मेहुणे म्हणाले, मालकांचा माशांवर जीव आहे, वाईट वाटेल त्यांना."

"मग बदलले कोणी?"

ढवळ्यानं फाटकाकडे मान वळवली. तिथे एक पांढरी गाडी उभी होती, आणि आतला माणूस आम्ही पाहतोय असं दिसताच सीटवर खाली सरकला.

३

तो सल्लागार निघाला. टाक्यांचं डिझाइन त्याचं, परवान्याचा अर्ज त्याचा. त्याचे बूट पांढरेशुभ्र होते. घातक कचऱ्यात काम करणाऱ्याचे बूट असे असतील तर एक तर तो फार हुशार असतो, नाहीतर फार लांब उभा राहतो.

"तुम्ही आत का नाही आलात?"

"पोलीस दिसले. म्हटलं, उगाच गर्दी नको." त्यानं घाम पुसला. "मला एकच सांगा. मासे... ठीक आहेत ना?"

माणूस मेल्याचं त्याला वॉचमननं केव्हाच सांगितलं होतं. तरी विचारलं ते माशांचं.

"सगळ्यांना माशांचीच काळजी दिसतेय," फौजदार म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी हात पुसायचं थांबवलं. "डिकी उघडा."

"डिकीत काही नाही."

"मग उघडायला काय जातंय?"

सल्लागारानं किल्ली काढली. ती दोनदा खाली पडली. डिकी जरा वर झाली आणि आत अंधारात काहीतरी हललं. काहीतरी ओलं.

फौजदार एक पाऊल मागे आले. मी दोन आलो.

डिकीत पाण्यानं फुगलेली मोठी पारदर्शक पिशवी होती, आणि पिशवीत लाल मासे होते. सगळे आमच्याकडे बघत होते.

"दर तपासणीला आणतो," सल्लागार मान खाली घालून म्हणाला. "फाटकावर पिशवी मेहुण्यांकडे द्यायची, जुने काढून नवे सोडायचे. मेहुण्यांना माहीत आहे, ढवळ्याला माहीत आहे. सगळ्याच कारखान्यांत करतो, साहेब. माझ्या एकाही टाकीत मासा आठवडाभर जगलेला नाही."

"इथे महिनोन् महिने जगलेत म्हणे."

"शक्यच नाही," तो पटकन म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून पिशवीची गाठ घट्ट करू लागला.

या माणसाला एकट्यालाच वाटत होतं की त्याच्या टाक्या खरोखर चालू आहेत, आणि त्याचाच त्यांच्यावर विश्वास नव्हता. मासे जगले होते याचा अर्थ तिसऱ्या टाकीत शुद्ध केलेलं पाणी कधी आलंच नव्हतं. ते साधं नळाचं पाणी होतं. मग ते पिवळं पाणी इतके महिने जात कुठे होतं?

खिशात फोन वाजला. ताई होती.

"ऐक ना, आजही पाणी पिवळट येतंय. तुरटी फिरवली, गाळून घेतलं, तरी तसंच. पिल्लूला देऊ का? तू त्याच खात्यात आहेस म्हणून विचारते."

"अजिबात देऊ नकोस."

"अरे, सकाळी दिलं की मी. आता सांगतोयस होय!"

४

मालक केबिनमध्ये बसले होते. अंगानं दांडगे, मऊ आवाजाचे, सगळ्यांना 'बाळा' म्हणणारे. भिंतीशी काचेची मोठी पेटी होती आणि तिच्यावर जाड पडदा टाकलेला होता. पडद्याआडून बुडबुड्यांचा आवाज येत होता.

"घरचे मासे आहेत," मालक म्हणाले. "उजेडाचा त्रास होतो त्यांना, बाळा. मासे म्हणजे मुलं. टाकीतलेही मीच सोडलेत, माझ्या हातानं, पहिल्या दिवशी. तेव्हापासून तेच आहेत. दर वेळी येणारे अधिकारी त्यांनाच बघून जातात."

"केमिस्ट काल रात्री इथे कशाला थांबला होता?"

"कामसू होता. फार कामसू." हे त्यांनी तक्रार केल्यासारखं म्हटलं.

"मालक, मागच्या भिंतीशी एक कुलूपबंद खोली दिसली, ती कसली?"

"बागेचा पंप आहे."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. अख्ख्या आवारात सिमेंट होतं. हिरवं म्हणाल तर फाटकाशी कुंडीत एक झाड होतं, आणि तेही प्लॅस्टिकचं.

"बागेला फार पाणी लागत असेल," मी म्हणालो.

मालक हसले. "उन्हाळा कडक असतो, बाळा."

खोलीची किल्ली मालकांकडे होती, मेहुण्यांकडे होती, ढवळ्याकडे होती आणि केमिस्टकडेही होती. फौजदारांनी चौघांपैकी कोणालाच विचारलं नाही. हवालदारानं कुलूप तोडलं.

दार उघडताच डोळे चुरचुरले. आत जमिनीत सिमेंटचा खड्डा होता आणि त्यात काठोकाठ पिवळं पाणी होतं. इतकं पिवळं की खोलीत दिवा नसूनही उजेड वाटत होता. खड्ड्यातून एक पाइप निघून बोअरच्या तोंडात गेला होता. बोअर पाणी वर आणायला खणतात. इथे ती उलटी चालवली होती. कारखान्याचं जहर पंपानं जमिनीच्या पोटात ढकललं जात होतं, आणि भिंतीपलीकडची वस्ती त्याच पोटातून पाणी ओढत होती.

खड्ड्याच्या काठावर एक रिकामी बाटली आडवी पडली होती. नमुना घ्यायची, आमच्या कार्यालयाला लागते तसली. तिच्याशेजारी केमिस्टचा चष्मा होता, घडी न घातलेला.

फौजदारांनी वाकून चष्मा पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे तो तिकडे घसरला नाही."

"नाही. तो इथे बुडाला. आणि मग कोणीतरी त्याला उचलून माशांत नेऊन ठेवलं."

मागे कोणीतरी धपकन खाली बसलं. मेहुणे होते.

"मी नाही," ते म्हणाले. "पाइप मी टाकला, मान्य. पण त्याला मी नाही मारलं."

५

सगळ्यांना मालकांच्या केबिनमध्ये जमवलं. सल्लागारानं पिशवी उराशी धरली होती, कारण डिकीत ठेवली तर मासे तापतात म्हणाला.

"केमिस्ट आज मला खरं सांगणार होता," मी सुरुवात केली. "ती नमुन्याची बाटली भरून मला द्यायची म्हणून तो पंपाच्या खोलीत गेला. कोणीतरी त्याला तिथे गाठलं आणि खड्ड्यात ढकललं. प्रेत तिथेच सोडलं असतं तर खोली उघडी पडली असती. म्हणून ते शेवटच्या टाकीत टाकलं. घसरला, बुडाला, संपलं."

"तेच मी म्हणालो होतो," फौजदार म्हणाले.

"पण खुन्याचा एक घोटाळा झाला. केमिस्टचे कपडे त्या पिवळ्या पाण्यानं चिंब होते. टाकीत टाकल्यावर ते जहर पाण्यात उतरलं आणि मासे पटापट उलटे झाले."

ढवळ्यानं तोंडावर हात धरला. "माझे मासे?"

"आता नीट विचार करा. टाकीत एक प्रेत आहे आणि मेलेले मासे आहेत. दुसरा कोणीही माणूस प्रेताची काळजी करेल. या आवारातल्या माणसानं माशांची केली. सकाळी तपासणी. माणूस मेला तर चालतं, मासा मेला की परवाना गेला. म्हणून त्यानं टाकी रिकामी केली, प्रेत धुतलं, नळाचं पाणी भरलं, प्रेत परत ठेवलं आणि नवे मासे सोडले. ढवळ्या, तुझे मासे दुःखात नाहीत. ते तुला ओळखतच नाहीत. ते नवे आहेत."

"तरीच," ढवळ्या म्हणाला. त्याला थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं आणि मग खूप वाईट वाटल्यासारखं.

सगळ्यांनी पिशवीकडे पाहिलं. सल्लागारानं ती आणखी घट्ट धरली.

"नाही. यांचे मासे अजून यांच्याजवळच आहेत. यांनी केलं असतं तर हेच सोडले असते. ढवळ्यानं केलं असतं तर डबा वाजवून माझ्यासमोर बोंब मारली नसती. आणि त्याला नि मेहुण्यांना दोघांनाही माहीत होतं की सकाळी सल्लागार ताजे मासे घेऊन फाटकावर येणार आहे. मेलेले उचलून फेकायचे आणि वाट बघायची, इतकं सोपं होतं. रातोरात मासे शोधायची धावपळ फक्त एकच माणूस करेल. दर तपासणीला मासे बदलतात हे ज्याला कोणी सांगितलंच नव्हतं, असा माणूस."

मेहुणे हळूच मालकांकडे वळले. "भावोजी, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं हो."

मी पेटीवरचा पडदा ओढला.

आत रंगीत खडे होते, प्लॅस्टिकची शेवाळं होती, आणि बुडबुडे सोडणारा एक छोटा प्लॅस्टिकचा पाणबुड्या होता. तो एकटाच तोंड उघडझाप करत होता. मासा एकही नव्हता.

मालक खुर्चीतून उठले, पेटीजवळ गेले आणि काचेवर हात ठेवला.

"पाण्यावर आले ना एकेक करून," ते म्हणाले, त्याच मऊ आवाजात. "तडफडत होते. मला ते बघवत नाही, बाळा. मग घरचे दिले. काय करणार?"

"आणि केमिस्ट? तो तडफडताना बघवला?"

मालकांनी जरा विचार केला. प्रश्न त्यांना नवा असावा.

"तो ऐकत नव्हता," ते म्हणाले.

सल्लागाराच्या हातातली पिशवी सुटली. पाणी सगळ्या केबिनभर पसरलं आणि मासे फरशीवर उड्या मारायला लागले. मालक गुडघ्यांवर बसून ओंजळीनं त्यांना गोळा करू लागले. हवालदारानं बेडी काढली, पण मालकांचे दोन्ही हात भरलेले होते. शेवटी फौजदारच म्हणाले, "थांबा जरा, हातातले सोडू दे त्याला पेटीत."

मालकांनी मासे सोडले, आणि मग ओले हात पुढे केले.

६

मी हरकत नोंदवली. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हणालो, टाकीतले मूळचे मासे मेलेत. "असं आधी सांगायचं ना," साहेब म्हणाले. परवाना नामंजूर झाला, पंपाच्या खोलीला सील लागलं.

जीपमध्ये चढताना मालक माझ्यापाशी थांबले होते. "बाळा, बोअरवाल्याला विचार," ते म्हणाले. "या रस्त्यावर तो माझ्याकडे शेवटी आला." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने होते. जवळजवळ प्रत्येकाच्या मागच्या भिंतीशी एक कुलूपबंद खोली होती. एकाही आवारात बाग नव्हती.

मग मी भिंतीला वळसा घालून ताईकडे गेलो. वस्तीतले बोअरचे सगळे नळ पोलिसांनी बंद करायला लावले होते आणि बायका रिकाम्या बादल्या घेऊन दारात उभ्या होत्या. ताई पिल्लूला कडेवर घेऊन होती. मला बघताच सवयीनं आत गेली आणि माठातून पेला भरून घेऊन आली. बाहेरून आलेल्या माणसाला आधी पाणी. ती माझ्यासमोर आली, थांबली, आणि आम्ही दोघंही त्या पेल्याकडे बघत राहिलो. तळाला किंचित पिवळी झाक होती. माहीत नसतं तर दिसलीही नसती.

"डॉक्टरांकडे जाऊन आले," ती म्हणाली. "ते म्हणाले, पाण्यात नेमकं काय होतं, किती होतं आणि तुम्ही कधीपासून पिताय ते सांगा, मग पुढचं बघू. कधीपासून रे?"

मेहुण्यांना विचारून झालं होतं. त्यांनी पाइप टाकला होता, मोजलं कधीच नव्हतं. मालक वकील आल्याशिवाय बोलणार नव्हते. सल्लागाराला तर टाक्या चालू आहेत असंच वाटत होतं.

"ताई, ते एकालाच माहीत होतं," मी म्हणालो. "तो आज सकाळी मला सांगणार होता."

पिल्लूनं पेल्याकडे हात पुढे केला. ताईनं तो उंच धरला, त्याच्या हाताला लागणार नाही इतका उंच, आणि कुठे ओतावा ते न कळून तशीच दारात उभी राहिली.